खुळखुळा आणि लय : बालवर्गातील संगीतशिक्षणाविषयी काही विचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलावयास मिळणे हा मी माझा बहुमान समजतो. स्मृतिव्याख्यानांचे विषय बहुधा मोठे असतात. मी निवडलेला विषय त्या मानाने फारच लहान, अक्षरशः मुठीत मावेल एवढा आहे. बालवर्गातील मुलांच्या हाती खुळखुळ्यासारखी हलवून वाजवावयाची साधी वाद्ये द्यावीत काय, द्यावयाची तर कशासाठी आणि कोणत्या रीतीने, एवढाच हा प्रश्न आहे. मी गायक नव्हे; लहान मुलांना संगीत शिकविणारा शिक्षक आहे. तेव्हा आपण माझ्याकडून रागचर्चेची अपेक्षा ठेवणार नाही, अशी खात्री बाळगून बोलतो.

खुळखुळा हा शब्दच मुळी नादातून जन्मलेला आहे. मराठीत तागाच्या जातीच्या काही रानझाडांनाही खुळखुळा म्हणतात, कारण त्यांच्या वाळलेल्या शेंगा हलल्या की आतले बी वाजते. गंमत अशी की, वनस्पतिशास्त्रज्ञांनी या प्रजातीला दिलेले क्रोटॅलेरिया हे नावसुद्धा ग्रीकांच्या एका वाजवावयाच्या साधनाच्या नावावरूनच आलेले आहे. दोन दूरच्या भाषांनी एकाच शेंगेत एकच गोष्ट ऐकली. शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. ज्याला तार नाही, कातडे नाही, फुंकर नाही, जे स्वतःच्या घट्टपणानेच वाजते ते घनवाद्य. टाळ, झांज, चिपळ्या, घुंगरू या घनवाद्यांच्या पंक्तीतच आपला खुळखुळा बसतो. आपल्या शास्त्राने तालाची जबाबदारी घनवाद्यांवर सोपविली आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या वाद्याचे वय किती? हडप्पा संस्कृतीच्या उत्खननांत मातीचे पोकळ गोळे सापडले आहेत. त्यांच्या आत लहान लहान मातीच्या गोळ्या आहेत. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आयाही मुलांपुढे हेच वाजवीत होत्या. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथाच्या आठव्या भागात आर्किटस नावाच्या विद्वानाच्या खुळखुळ्याची प्रशंसा केली आहे. लहान मुले स्वस्थ बसू शकत नाहीत. त्यांच्या हाती खुळखुळा दिला की घरातील वस्तू फुटावयाच्या वाचतात, असे तो म्हणतो. आणि मोठ्या मुलांसाठी शिक्षण हाच खुळखुळा, अशी पुस्तीही जोडतो. एवढ्या मोठ्या माणसाने हा विषय हाताळला असल्यामुळे मला आज संकोच वाटत नाही. तथापि त्याच्या मताशी माझा एक मतभेद आहे. मुलाला गुंतवून ठेवण्याचे साधन म्हणून त्याने खुळखुळ्याकडे पाहिले. शाळेने त्याच्याकडे वाद्य म्हणून पाहावे, असे मला सुचवावयाचे आहे.

आपल्या घरांत लय मुलाकडे कशी येते, याचा जरा विचार करा. पाळण्यावर खुळखुळा टांगलेला असतो. पायांत घुंगरांचे वाळे असतात. बाळ पाय झाडते, आवाज होतो. पुन्हा झाडते, पुन्हा होतो. आपण काही केले म्हणजे जगात काही घडते, हा पहिला धडा ते पायानेच शिकते. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या गळ्यांत घुंगरमाळा वाजतात आणि नागपूर-भंडाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले आपापले लाकडी बैल सजवून मिरवितात. भजनात टाळ असतो, वासुदेवाच्या हाती चिपळ्या असतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) तर एका खंजिरीच्या बळावर विदर्भातील खेडी जागी केली. त्या खंजिरीत कातड्याच्या थापेइतकाच तिच्या कडेला बसविलेल्या चकत्यांच्या खणखणाटाचा वाटा असतो. लेझीम म्हणजे तरी काय? लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि तिच्यातील चकत्या. हे हलवून वाजवावयाचे वाद्यच होय, आणि मराठी शाळेच्या मैदानाने ते पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. आपल्या बालाघाट जिल्ह्यात बैहरच्या पठारावर गेलात तर गोंड आणि बैगा यांच्या करमा नाचात मांदराच्या ठेक्याबरोबर लाकडी ठिसकीची टकटक ऐकू येते.

म्हणजे आपल्या मुलांच्या सभोवती ही वाद्ये आहेतच. नाहीत ती फक्त वर्गात. घरातून, अंगणातून, नाचातून लय घेऊन आलेले चार-पाच वर्षांचे मूल शाळेच्या संगीताच्या तासाला बसते, तेव्हा तेथे एक पेटी असते आणि ती शिक्षकांसमोर असते. शिक्षक गातात, मुले पाठीमागून म्हणतात. ज्यांचा आवाज बरा त्यांना स्नेहसंमेलनासाठी वेचून काढले जाते. उरलेल्यांना काय सांगितले जाते, हे या सभागृहातील अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल : 'तू मागे उभा राहा आणि नुसते ओठ हलव.' हे वाक्य मी कितीतरी शाळांत ऐकले आहे. ज्याने ते पाचव्या वर्षी ऐकले, तो पन्नासाव्या वर्षीही 'मला गाणे येत नाही' असेच सांगतो. एका वाक्याने एक माणूस जन्मभरासाठी श्रोता होतो.

बालाघाटसारख्या गावी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली; विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. सीमारेषा कागदावर आखली गेली; वैनगंगा पूर्वीप्रमाणेच दोन्हीकडून वाहत राहिली. आपल्या एकाच वर्गात कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी पोवारी, तर परसवाडा-बैहरकडून आलेल्या एखाद्याच्या घरी गोंडी बोलली जाते. गाणे म्हणजे आधी शब्द. आणि शब्द परका असेल तर मूल संगीताच्या तासालाही मुकेच राहते. त्याला सूर कळत नाही असे नव्हे. त्याला आत शिरावयाला दार सापडत नाही. खुळखुळ्याला भाषा नाही. तो ज्याच्या हातात असेल त्याचाच होतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. पहिले सहा महिने तो एक शब्दही बोलला नाही. खुळखुळ्याच्या खेळात मी हात वर केला की सर्वांनी थांबावयाचे असे. चाळीस मुलांत नेमका त्या खुणेवर थांबणारा तो एकटा होता. इतरांची खुळखुळ हळूहळू विझत जाई. त्याची मात्र सुरीने कापल्यासारखी तुटे. काही दिवसांनी मुले माझ्या हाताकडे पाहण्याऐवजी त्याच्याकडे पाहून थांबू लागली. मी चमत्कार सांगत नाही. तो नंतरही फार बोलका झाला नाही. परंतु वर्गात त्याला जागा मिळाली होती आणि ती कोणी दयेने दिलेली नव्हती.

आता या अनुभवाला शास्त्राचा काही आधार आहे काय, ते पाहू. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सात महिन्यांच्या बाळांना त्यांनी आघात नसलेला एकसारखा ठेका ऐकविला. ऐकताना काही बाळांना दर दुसऱ्या मात्रेला आणि काहींना दर तिसऱ्या मात्रेला झुलविले. नंतर तोच ठेका आघातांसह दोन प्रकारे वाजविला, तेव्हा प्रत्येक बाळाने आपल्याला ज्या वजनाने झुलविले होते तोच प्रकार अधिक वेळ ऐकला. नुसते दुसऱ्याला हलताना पाहून हा परिणाम झाला नाही. लय ऐकावयाची ती कानाने. पण ती ओळखावयाला शरीर हलावे लागते, असा याचा अर्थ होतो. आपल्या आज्या मांडीवर घेऊन झुलवीत गात, त्यात केवढे शहाणपण होते!

दुसरा प्रयोग जर्मनीतील लाइपझिगचा. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २००९ साली अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ठेक्याबरोबर वाजवावयास सांगितले. तोच ठेका कधी समोर बसलेला माणूस वाजवी, कधी यंत्र, तर कधी नुसता ध्वनिवर्धक. मुलांची लय जुळली ती माणसाबरोबर अधिक चांगली. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवून दिले की, एकत्र गाणे-वाजविणे केलेली चार वर्षांची मुले, तोच खेळ संगीताविना खेळलेल्या मुलांपेक्षा एकमेकांना मदत करण्यास अधिक तत्पर असतात. आज घरोघरी भ्रमणध्वनीवर बालगीते वाजतात. ती ऐकू नयेत असे मी म्हणणार नाही. परंतु लय जुळावयाला समोर माणूस लागतो, हे त्यावरून विसरले जाऊ नये.

हे सर्व मान्य केले तरी प्रत्यक्षात शिक्षकाने करावयाचे काय? माझ्या अनुभवाचा क्रम थोडक्यात सांगतो.

पहिला धडा न वाजविण्याचा. मुले वर्तुळात बसतात आणि एकच खुळखुळा हातोहात असा फिरवावयाचा की त्यातून जराही आवाज निघू नये. चाळीस मुलांचा वर्ग श्वास रोधून बसलेला मी पाहिला आहे. छडीने जी शांतता येत नाही ती येथे आपोआप येते, कारण ती मुलांनी स्वतः घडविलेली असते. दुसरा धडा थांबण्याचा. खुळखुळा सुरू करणे कोणालाही जमते. थांबविणे कठीण, कारण हात थांबला तरी आतले दाणे क्षणभर धावतच राहतात. तिसरा धडा लहान-मोठ्याचा. एका मुलाने पाऊस सुरू करावयाचा, एकेकाने सामील व्हावयाचे, सर मोठी होऊ द्यावयाची आणि त्याच क्रमाने ओसरू द्यावयाची. चौथा धडा चालण्याचा : पावलाबरोबर एक झटका. येथे एक पथ्य आहे. लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा जलद असते. म्हणून आरंभी शिक्षकाने मुलांच्या लयीत यावे. मुलांना आपल्या लयीत ओढू नये.

पाचव्या धड्यात ताल येतो. दादऱ्याच्या सहा मात्रा. पहिलीवर टाळी, चौथीवर खाली. केरव्याच्या आठ, पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली. टाळीला खुळखुळा वाजवावयाचा आणि खालीला हात नुसता मोकळा, आवाजाविना फिरवावयाचा. आपल्या संगीताने रिकाम्या जागेलाही नाव दिले, तिला खुणेचा मान दिला, ही केवढी सूक्ष्म गोष्ट आहे! पहिल्या दिवशी आवाज न करता खुळखुळा फिरविणारे मूल या 'खाली'ची तयारीच करीत असते. पुढे ते तबल्याकडे वळो वा न वळो, न वाजलेली मात्राही मोजावी लागते, हे त्याला कायमचे उमगलेले असते.

वाद्ये कोठून आणावयाची? विकत आणण्याची आवश्यकता नाही. उन्हाळ्यात गुलमोहराखाली हातभर शेंगा पडलेल्या असतात. शिरीषाच्या चपट्या शेंगा वाऱ्यानेच वाजतात. बहाव्याची लांब शेंग वाळली की आत खुळखुळते. आपला जिल्हा बांबूचा. बांबूचे एक पेर घ्यावे; त्याची एक बाजू गाठीने बंदच असते, दुसरीला लाकडी बूच घट्ट बसवावे. वाळलेला तुंबा, दोन करवंट्या, पावडरचा रिकामा डबा, काहीही चालते. आत तांदूळ वा कुटकी घातली तर रिमझिम पाऊस येतो. चिंचोके घातले तर टपोऱ्या गारा. पोकळीचा चौथा हिस्साच भरावा. अधिक भरल्यास दाण्यांना धावावयास जागा राहत नाही आणि आवाज मुका होतो. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या साधनांत सारख्या आवाजाच्या नळकांड्यांच्या जोड्या असतात व मुलाने कानाने जोडी ओळखावयाची असते. काड्यापेट्यांत रवा, तांदूळ, हरभरे घालून हेच साधन अर्ध्या तासात तयार होते.

मात्र येथे एक गंभीर सूचना करणे माझे कर्तव्य आहे. लाल-काळी गुंज दिसावयास सुंदर आणि वाजावयास गोड. परंतु तिचे बी चावले गेल्यास ते प्राणघातक ठरू शकते. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी, धोतऱ्याचे आणि एरंडाचे बी हीही विषारी होत. ज्या रानझाडाला खुळखुळा म्हणतात त्याच्या जातीतील अनेकांचे बीही विषारी असते. त्याचे नाव घ्यावे, शेंग मुलाच्या हाती देऊ नये. बूच डिंकाने व दोऱ्याने पक्के करावे आणि दर आठवड्याला तपासावे. तीन वर्षांखालील मुलांच्या घशात लहान दाणा अडकू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी विशेष काळजी घ्यावी. चकचकीत रंग देऊ नयेत. काही रंगांत शिसे असते आणि मुले सर्व काही तोंडात घालतात.

स्थानिक वस्तूंतून शिक्षण घडविण्याची ही कल्पना माझी नव्हे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम खेड्यात नेले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आले. ताराबाई आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी वारली मुलांसाठी बिया, पाने, शंख-शिंपले, खडे यांनाच शैक्षणिक साधनांची प्रतिष्ठा दिली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचार तेथेच रुजला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या वयाला शिक्षणाचा पाया मानले आणि २०२३ मध्ये या वयाच्या मुलांसाठी खेळणी, कोडी, बाहुल्या यांचा 'जादुई पिटारा' निघाला. कोसबाडच्या टेकडीने जे आधी केले, ते धोरणात यावयाला अर्धे शतक लागले. आता ते वर्गापर्यंत पोहोचावयाला आणखी अर्धे शतक लागू नये, एवढीच इच्छा.

यावर आक्षेप आहेत, आणि ते मी टाळू इच्छीत नाही. पहिला आक्षेप गोंगाटाचा. पत्र्याच्या छपराखाली चाळीस डबे एकदम वाजले तर शेजारच्या वर्गातील गणित बुडणारच. म्हणून डब्यापेक्षा शेंग व बांबू बरे, आणि एका वेळी दहांनी वाजवून तिसांनी ऐकणे बरे. ऐकणारे तीस जण त्या वेळी रिकामे नसतात. पुढची पाळी त्यांचीच असते. दुसरा आक्षेप असा की, हे खेळणे आहे, संगीत नव्हे. त्यांना मी आफ्रिकेतील झिंबाब्वेकडे पाहावयास सांगेन. तेथील शोना लोकांच्या म्बिरा वादनात होशो नावाचे तुंब्याचे खुळखुळे सर्व वादकांची लय धरून ठेवतात. तो वादक चुकला तर सारा मेळ ढासळतो. दूर कशाला, वारकऱ्यांच्या दिंडीतून टाळ काढून घ्या आणि काय उरते ते पाहा. तिसरा आक्षेप मला स्वतःला मान्य आहे : खुळखुळा सूर शिकवीत नाही. त्यासाठी गळाच हवा, रोज गावयास हवे. शिवाय काटेकोर मात्रेला त्याचा आवाज किंचित उशिरा येतो. तेथे चिपळ्या अधिक उपयोगी. साधनाची मर्यादा ओळखून ते वापरणे हेच शिक्षकाचे काम होय.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. शाळेला देणगी देताना आपण इमारत, संगणक, ध्वनिक्षेपक यांचा विचार करता. तो योग्यच आहे. या वर्षी त्याबरोबर एक दुपार द्या. बालवर्गात येऊन मुलांबरोबर बसा आणि प्रत्येकाच्या हाती एक याप्रमाणे चाळीस खुळखुळे तयार करा. ज्याला पूर्वी कोणी ओठ हलवावयास सांगितले असेल, त्याने तर अवश्य यावे.

ज्या गुरुजींची आठवण म्हणून आपण येथे जमलो, त्यांनी कोणत्याही मुलाला मागच्या रांगेत मुके उभे केले नाही, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. त्यांच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानातून निदान एवढे घडावे की, या शाळेत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाला, मग त्याच्या घरची भाषा कोणतीही असो, पहिल्याच आठवड्यात हाती एक वाद्य आणि मेळात एक जागा मिळावी. सूर, ताल, राग, शब्द हे सर्व त्यानंतर यथावकाश येईल.